लाल-पांढरी कांडी

परदेशाहून परत आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न विचारले जातात. थंडी कशी होती, खाण्याचे हाल झाले का, आणि काय काय पाहिले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी ठणठणीत देतो. तिसऱ्याशी मात्र अडखळतो. स्वीडनला जाऊन आलेल्या माणसाने स्टॉकहोमचा राजवाडा पाहिलेला असावा, अशी लोकांची रास्त अपेक्षा असते. तोही मी पाहिला. पण डोळे मिटले की राजवाडा काही दिसत नाही. दिसते ते अडीच हजार वस्तीचे एक गाव, एक लांबच लांब सरोवर आणि साखरेची एक लाल-पांढरी कांडी.

गावाचे नाव ग्रेन्ना. आमची मुलगी आणि जावई तिथून चाळीसेक किलोमीटरवरच्या शहरात राहतात. त्या शहराच्या नावाचे पहिले अक्षर लिहितात एक आणि वाचतात दुसरे. मधल्या अक्षराची तीच तऱ्हा. यन्शपिंग, येन्शोपिंग अशी पंधरा दिवस झटापट करून मी अखेर त्याला 'मुलीचं गाव' म्हणू लागलो. पण या गावाशी आपले नाते जुने आहे, बरे का. हे काडेपेटीचे गाव. लुंडस्ट्रॉम बंधूंनी एकोणिसाव्या शतकात इथे कारखाना काढला आणि पेटीच्या कडेवर घासल्याशिवाय न पेटणारी 'सेफ्टी' काडी जगभर पोचवली. पुढे १९२३ साली स्वीडिश कंपनीनेच आपल्याकडे 'विमको' सुरू केली. तिचा कारखाना अंबरनाथला होता. माझ्या लहानपणी आई पहाटे ज्या काडीने शेगडी पेटवी, त्या काडीचे माहेर हे!

जून महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही पाच जण मोटारीने निघालो. मी, सौ., मुलगी, जावई आणि नऊ वर्षांची नात. नातीचा जन्म तिकडचा. ती मराठी बोलते ते शुद्ध. पण स्वीडिश चालीवर बोलते, त्यामुळे 'आजोबा, चला' एवढे म्हणाली तरी गाण्याची पहिली ओळ ऐकल्यासारखे वाटते.

रस्ता सरोवराच्या काठाकाठाने उत्तरेला जातो. डाव्या हाताला सतत पाणी. या सरोवराचे नाव व्हेटर्न. "वेटर काय?" असे सौ.नी विचारून घेतले आणि नातीला हसून लोळायला एक कारण मिळाले. व्हेटर्न हे स्वीडनमधले दुसऱ्या क्रमांकाचे सरोवर. लांबी सुमारे १३५ किलोमीटर. म्हणजे पुण्याहून निघालेला माणूस वाशीला पोचेपर्यंत खिडकीतून एकच पाणी दिसत राहावे, तसा प्रकार. क्षेत्रफळ सुमारे १,९०० चौरस किलोमीटर. आपली मुंबई उपनगरांसकट तीनदा आत मावेल. आणि पाणी कसे, तर काठावरून तळाचे गोटे मोजून घ्यावेत. काठची कित्येक गावे हेच पाणी पितात.

ग्रेन्ना येण्याआधी रोटले नावाची एक वाडी लागते. टेकडीवरून एक ओढा उड्या मारत सरोवराकडे येतो आणि त्याच्या काठी जुन्या पाणचक्क्या आहेत. त्यातल्या एकीचे नाव जेरुसलेम! दळण दळता दळता पुण्यही पदरी पडावे, अशी कुणाची कल्पना असेल. लाल लाकडी घरे, मध्ये दगडी पायवाट आणि पाण्याचा आवाज. दहा मिनिटांत वाडी पाहून होते. आम्ही पाऊण तास रेंगाळलो.

ग्रेन्ना गावाला रस्ता असा एकच. बाकीच्या गल्ल्या. पेर ब्राहे नावाच्या सरदाराने १६५२ साली हे गाव वसवले आणि मुख्य रस्त्याला अजून त्याचेच नाव आहे. दुतर्फा लाकडी घरे, कुणी पिवळे, कुणी राखी; परसात नासपतीची झाडे. मागे उभा डोंगर, पुढे सरोवर. गावाला उशी आणि पांघरूण दोन्ही मिळाल्यासारखे वाटते.

मोटारीतून उतरताच एक वास आला. पेपरमिंटचा आणि तापलेल्या साखरेचा. पाहतो तो रस्त्याभर मिठाईची दुकाने, आणि प्रत्येक दुकानात एकच मिठाई: हातभर लांबीच्या, लाल-पांढऱ्या पिळाच्या कांड्या. तिचे नाव पोल्काग्रीस. "पोलकं?" सौ. म्हणाल्या. "पोलकं नाही गं आई, पोल्का. नाच असतो तो," मुलगी म्हणाली. "आणि ग्रीस म्हणजे डुक्कर." यावर सौ.नी हातातली कांडी लांब धरली. ती नावापुरतीच डुक्कर आहे, आत साखर, पाणी, थोडेसे व्हिनेगर आणि पेपरमिंटचा अर्क याखेरीज काही नाही, हे पटवायला जावईबापूंना बराच वेळ लागला.

दुकानात काचेपलीकडे माल करताना पाहायला मिळते. साखरेचा पाक उकळून तेल लावलेल्या टेबलावर ओततात. त्यातला थोडा लाल रंगाचा करून बाजूला ठेवतात. उरलेला गोळा हातमोजे घालून ताणायचा, दुमडायचा, पुन्हा ताणायचा. ताणता ताणता त्यात हवा शिरते आणि पिवळसर गोळा दुधासारखा पांढरा होतो. मग त्याला लाल पट्टे लावून लांब वळी करायची आणि पीळ द्यायचा. लहानपणी आमच्या पेठेत बांबूला गुंडाळलेली अशीच चिकट मिठाई घेऊन एक माणूस येई आणि एका पैशात मनगटावर घड्याळ करून देई, त्याची आठवण झाली. सौ. मात्र आठवणीत रमल्या नाहीत. काचेला नाक लावून त्या पाक बघत होत्या. "पुढचा आहे. अजून मिनिटभर ठेवला तर दगड होईल," त्यांनी निर्णय दिला. आतली मुलगी त्यांच्याकडे पाहून हसली. पाकाची भाषा निराळी नसते.

पुढे रस्त्यालगतच्या बागेत एका बाईचा पुतळा आहे. घोड्यावर नाही, हातात तलवार नाही. नातीने विचारले, "ही कोण?" आणि मुलीने जी हकिगत सांगितली ती ऐकताना मी बाकावर बसलो तो बसलोच.

बाईचे नाव आमालिया एरिकसन. जन्म १८२४. दहा वर्षांची असताना १८३४ च्या कॉलऱ्यात तिचे आईबाप आणि भावंडे गेली. पुढे ती ग्रेन्नात मोलकरीण म्हणून आली. लग्न झाले, जुळी झाली. एक मूल मेलेलेच जन्मले आणि आठवडाभरात नवराही हगवणीने गेला. पदरात एक तान्ही मुलगी. त्या काळी बाईला धंदा करायचा तर परवानगी लागे. तिने गावच्या अधिकाऱ्यांकडे अर्ज केला आणि १८५९ साली तिला ब्रेड-बिस्किटे नि पोल्काग्रीस करून विकण्याची परवानगी मिळाली. तिने मुलगी वाढवली, धंदा वाढवला, आपली कृती जन्मभर कुणाला सांगितली नाही म्हणतात, आणि १९२३ साली शंभरीच्या उंबरठ्यावर ती गेली. आज सगळे गाव तिच्या कांडीवर जगते.

"आपल्यात पण कुणी असं होतं का?" नातीने विचारले. "जेवायला कुठे जायचं?" मी विचारले. सौ.नी माझ्याकडे एकदा पाहिले.

वाचकहो, तो प्रश्न मी का चुकवला, ते सांगायला हवे. माझे वडील १९६० साली गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, बहीण पाच वर्षांची. पुण्यात नारायण पेठेत वाड्यातल्या दोन खोल्या. आईचे शिक्षण मराठी चौथी. पण तिची चकली अशी की तोंडात मोडली तर शेजारच्या बिऱ्हाडाला कळावे. नवरात्र संपता संपता ती थोरल्या काकांकडे गेली आणि दिवाळीचे फराळाचे करून विकू का, असे तिने विचारले. काका बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "आपल्या घराण्यात आजवर कुणी असं केलं नाही," म्हणाले. पण नको म्हणाले नाहीत. मग वाड्याच्या मालकांची परवानगी. त्यांनी जिन्याखालची जागा दिली. अट एवढीच की धूर त्यांच्या बाजूला जाता कामा नये. आमच्या घरात त्या वर्षी दिवाळी नव्हती, आणि घरभर फराळाचा वास होता.

डबे पोचवायचे काम माझे. पहिले वर्ष निभावले. दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरून मागणी आली. दार त्याच्या आईनेच उघडले, आणि तो मागे उभा होता. डबा उघडून तिने विचारले, "तुझ्या आईनं केलंय का रे हे?" मी म्हणालो, "नाही. आमच्या वाड्यात एक बाई करतात. मी नुसता पोचवतो." ती क्षणभर थांबली. मग पैसे पुडीत बांधून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "त्या बाईंना सांग, अनारसे फार सुरेख झालेत." मी घरी येऊन पैसे दिले. निरोप दिला नाही. पुढच्या वर्षीपासून त्या घरचा डबा आई स्वतः घेऊन जाऊ लागली. का, ते मी कधी विचारले नाही.

असो. जेवण झाल्यावर आम्ही तिथले वस्तुसंग्रहालय पाहिले. ग्रेन्नाचा दुसरा नामांकित माणूस आंद्रे, जन्म १८५४. याला बलूनमधून उत्तर ध्रुवावर जायचे होते. ११ जुलै १८९७ रोजी स्पिट्सबर्गेनजवळच्या एका बेटावरून तो दोन जोडीदारांसह उडाला. बलून तीन दिवसांतच बर्फावर टेकला. पुढे तिघे जवळजवळ तीन महिने बर्फावरून घसरगाड्या ओढत चालले आणि एका ओसाड बेटावर संपले. त्यांचे काय झाले ते जगाला तेहतीस वर्षे कळले नाही. १९३० साली एका नॉर्वेजियन मोहिमेला त्यांचा तळ सापडला: रोजनिशा, भांडी, कपडे आणि कॅमेऱ्यातली फिल्म. ती फिल्म धुतल्यावर चित्रे उमटली! बर्फावर कोसळलेला बलून आणि शेजारी उभी दोन माणसे. मी त्या चित्रासमोरून हललो नाही.

त्यांच्यातला सर्वांत धाकटा नील्स स्ट्रिंडबर्ग चोवीस वर्षांचा. त्याचे लग्न ठरलेले होते. त्या मुलीने पुष्कळ वर्षे वाट पाहून दुसऱ्याशी लग्न केले. पण १९४९ साली ती गेली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे तिचे हृदय एका पेटीत ठेवून नील्सच्या कबरीत पुरले. "आणि त्या नवऱ्यानं काय करावं?" सौ. पुटपुटल्या. इतिहासकार हा प्रश्न विचारीत नाहीत.

दुपारी नावेतून वीसिंग्सो बेटावर गेलो. सरोवराच्या मधोमध चौदा किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद असे हे बेट. नाव पंचवीस मिनिटांत पोचते. याची दंतकथा अशी की व्हिस्ट नावाचा राक्षस बायकोसह घरी निघाला होता. त्याची उडी सरोवरापार गेली असती, पण बायकोची जाईना. तेव्हा त्याने जमिनीचे एक ढेकूळ उपटून पाण्यात टाकले, तिला मधे पाय टेकायला. तेच हे बेट. "पाहा," सौ. म्हणाल्या, "राक्षससुद्धा करतात." मी सरोवराकडे पाहू लागलो.

धक्क्यावर घोडागाड्या उभ्या असतात. आपल्या टांग्यासारख्या नव्हेत. लांब बाक आणि त्यावर दोन रांगा पाठीला पाठ लावून बसतात. त्यामुळे निम्म्या लोकांना डावीकडचे बेट दिसते आणि निम्म्यांना उजवीकडचे. आम्ही परतताना बाजू बदलून घेतली.

इथे ब्राहे सरदारांचा मोठा वाडा होता, वीसिंग्सबोर्ग. पुढे राजाने सरदारांची वतने काढून घेतली. वाड्यात रशियन युद्धकैदी ठेवले आणि १७१८ च्या डिसेंबरात तो जळाला. आता पाण्याकाठी भिंती उभ्या आहेत आणि त्यांत पाखरे राहतात.

पण बेटावरची खरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे ओकचे जंगल. स्वीडनने १८०९ साली फिनलंड गमावला, तेव्हा आरमार बळकट करायचे ठरले. युद्धनौका ओकच्या. म्हणून १८३१ पासून सरकारने या बेटावर सुमारे ३ लाख ओक लावले. खोड सरळसोट वाढावे म्हणून मधूनमधून दुसरी झाडे लावली. लावणाऱ्यांना ठाऊक होते की यांचे लाकूड कामाला येईल तेव्हा आपण नसू, आपली मुलेही नसतील. झाडे इमानाने वाढत राहिली. आणि अशी गोष्ट सांगतात की १९७५ च्या सुमारास वनखात्याने आरमाराला कळवले, तुमचे ओक तयार आहेत! तोवर नौका लोखंडाच्या होऊन शंभर वर्षे उलटली होती.

त्या झाडांखालून घोडागाडी जात होती. खांबासारखी खोडे, वर हिरवा मांडव, टापांचा आवाज. मला हसू आले आणि हसता हसता वाईटही वाटले. आता ते लाकूड टेबल-खुर्च्यांना जाते. बरेच झाले म्हणा. त्या ओकांवर माणसे जेवतात. तोफा ठेवण्यापेक्षा ते चांगले.

संध्याकाळी परत ग्रेन्नाला येऊन डोंगरावर ब्राहेहूस पाहायला गेलो. संध्याकाळी म्हणायचे ते घड्याळाप्रमाणे. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत ऊन असते. पेर ब्राहेने हा प्रासाद बायकोसाठी बांधायला घेतला. आपण आधी जाऊ, मग मागे तिचे नीट व्हावे, ही त्याची काळजी. पण प्रासाद पुरा होण्याआधीच, १६५० साली, तीच गेली. १७०८ साली खालच्या वस्तीला आग लागली, ठिणग्या वर आल्या आणि प्रासाद जळाला. आता चार भिंती आणि खिडक्यांची भोके. त्या भोकांतून खाली सगळे व्हेटर्न दिसते, सोन्याचा पत्रा पसरल्यासारखे. मधे ते बेट, आणि अगदी पायाशी ग्रेन्नाची कौले.

दिवसभरात काय काय पाहिले ते मनात मोजत होतो. विधवेसाठी बांधलेला प्रासाद, त्यात विधवा राहिलीच नाही. आरमारासाठी लावलेले जंगल, त्याची नाव झालीच नाही. ध्रुवावर निघालेला बलून, तो पोचलाच नाही. आणि दहाव्या वर्षी पोरकी झालेली ती मोलकरीण, तिच्या घरातला पाक अजून खाली रोज उकळतो आहे.

नात खिडकीच्या दगडावर बसून कांडी चोखत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "सकाळी तू विचारलंस ना? माझी आई करत असे. दिवाळीचं फराळाचं करून विकायची. मी डबे पोचवायचो." एवढे वाक्य मला साठ वर्षांत कुणाला सांगता आले नव्हते. कॉलेजातल्या मित्रांना नाही, कचेरीत नाही. मुलीलासुद्धा मी आजीने 'कष्ट काढले' एवढेच सांगत आलो.

नातीला त्यात काहीच नवल वाटले नाही. "मग तिची रेसिपी कुठेय?" तिने विचारले.

"माझ्या हातात," मागून सौ. म्हणाल्या. "दर वर्षी खाता ते काय आहे?"

मग मी त्या घरची हकिगतही सांगून टाकली. मुलगी गप्प झाली. सौ. मात्र शांतपणे म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. सासूबाईंनी सांगितलं होतं. त्या बाई पुढे मंडईत भेटल्या त्यांना. 'तुमच्या वाड्यात अनारसे करतात त्या बाईंना निरोप मिळाला का?' म्हणून विचारलं."

"मग? आई काय म्हणाली?"

"मी विचारलं होतं, राग नाही का आला? तर म्हणाल्या, 'एवढंसं पोर. डबा उचलायला लावला ते लावलं, वर लाज कशाला उचलायला लावू?' म्हणून त्या स्वतः जायला लागल्या."

सरोवरावरचे ऊन अजून गेले नव्हते. मी बराच वेळ बेटाकडे पाहत राहिलो. कुणी मला हाक मारली नाही.

येताना लाल-पांढऱ्या कांड्यांचा एक डबा आणला. या दिवाळीत फराळाच्या ताटात चकलीशेजारी एकेक ठेवायची असे ठरले आहे. पाहुणे विचारतील, हे काय. मग आमालियाबाईंची गोष्ट सांगायची, आणि पाठोपाठ आमच्या आईची. अनारशांचे पीठ सौ.नी भिजत घातलेले आहे.

निरोप माझ्याकडून द्यायचा राहिला होता. तो इथे लिहून टाकतो. आई, अनारसे फार सुरेख झाले होते.